कोंबड्यांच्या अक्का

अक्का सकाळी उठल्या की चहाच्याही आधी कोंबड्यांचे गळे चाचपायच्या. खुराड्याची फळी वर ओढायची, एकेक कोंबडी बाहेर येऊ द्यायची आणि ती दारातून निघताना उजव्या हाताने तिच्या गळ्याखाली, छातीच्या किंचित वर, अलगद दाबून बघायचं. एकीला दोन-तीन सेकंदही लागत नसत. बारा कोंबड्या आणि एक कोंबडा बाहेर पडेपर्यंत घरात चहा उकळलेला असे. मग हात धुऊन त्या कपबशी घेऊन ओट्यावर बसत आणि त्यानंतरच घरातल्या माणसांची विचारपूस सुरू होई.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. तीर्थपुरीपासून जवळच आमचं गाव. लग्न होऊन मी जालन्याहून तिथे गेले तेव्हा अक्कांनी चाळिशी ओलांडली होती. दीर शेत बघायचे, माझे पती शाळेवर शिक्षक. अक्का चौथी शिकलेल्या, पण कोंबडीच्या बाबतीत गावात त्यांच्या शब्दाला आव्हान नव्हतं. आमच्या गल्लीत घरोघरी पाच-सात गावरान कोंबड्या असत. कोंबडी आजारी पडली की ती एक तर पातेल्यात जाई, नाही तर अक्कांकडे येई.

माझ्या माहेरी कोंबडी फक्त दुकानातून यायची, तीही कापलेली. जिवंत कोंबडी हातात धरायची मला भीती वाटे. सासरी आल्यावर आठवडाभरात अक्कांनी माझं मनगट धरलं आणि बोटं एका कोंबडीच्या गळ्याखाली नेऊन ठेवली. पिसांखाली एक मऊ, रिकामी पिशवी लागली.

"हितं थैली असती," त्या म्हणाल्या. "कोंबडीला दात न्हाईत. खाल्लेलं आधी हितं साठतं, भिजतं, मंग खाली उतरतं. सांजच्याला ही भरलेली पाहिजे अन् सकाळी रिकामी. सकाळी भरलेली लागली की समजायचं, काहीतरी अडकून राह्यलं."

"पण काय अडकलं ते कसं कळणार?"

"कणकेच्या गोळ्यासारखी घट्ट लागली तर गवत, दाणा असं काही अडकलं. पाणी भरलेल्या फुग्यासारखी लागली अन् चोचीला आंबूस वास आला, तर आत नासलं. दोन्हीला एकच इलाज न्हाई करायचा."

एवढं सांगून त्या भाकरी करायला गेल्या. शिकवणं असं कधी त्यांनी बसून केलं नाही. हातातलं काम करता करता दोन वाक्यं सांगायची आणि समोरच्याला ती समजली आहेत असं गृहीत धरायचं, ही त्यांची रीत.

शेजारच्या गयाबाईंची तांबडी कोंबडी आजारी पडली तेव्हा कापूस वेचणीचे दिवस होते. गयाबाईंची पुढची खोली कापसाने छतापर्यंत भरलेली. कोंबडी त्यात शिरून सरकी टिपायची आणि सरकीबरोबर कापूसही गिळायची. अक्कांकडे आणली तेव्हा तिच्या गळ्याखाली मोसंबीएवढा गोळा झाला होता आणि ती मान वाकडी करून उभी होती.

"अक्का, कापून खाऊन टाकावं का गं?" गयाबाई म्हणाल्या. "उगा मरून वाया जायची."

"तीन दिवस दे मला. मंग तुला जे करायचं ते कर."

कोंबडी आमच्या ओसरीत बांबूच्या डालग्याखाली आली. दाणा बंद. कोमट पाणी आणि त्यात गोड्या तेलाचे काही थेंब, तेही चोचीच्या कडेनं, एका वेळी थोडंच. दिवसातून चार वेळा तिला मांडीत घेऊन अक्का तो गोळा बोटांनी चोळायच्या. गयाबाईंनी एकदा स्वतः करून बघितलं आणि जोर लावला. अक्कांनी त्यांचा हात बाजूला केला. "दाबू नको, चोळ. लोण्याचा गोळा हाय समज. जल्दी करशील तर फाटल आतून."

दुसऱ्या दिवसापर्यंत काहीही फरक नव्हता. मला वाटलं, यावेळी अक्का हरल्या. त्या मात्र ठरल्या वेळी डालगं उचलत, कोंबडी मांडीत घेत आणि माझ्याशी मिरच्यांच्या रोपांबद्दल बोलत बोलत चोळत राहत. तिसऱ्या सकाळी गोळा निम्म्यावर आला. चौथ्या दिवशी डालग्याखाली कापसाचे ओले पुंजके पडलेले दिसले आणि कोंबडी ज्वारीच्या भिजवलेल्या दाण्यांसाठी ओरडायला लागली. गयाबाई तिला काखेत मारून घरी घेऊन गेल्या.

मग लोक आसपासच्या गावांतूनही यायला लागले. कोंबडी पिशवीत घालून, मोटारसायकलवर मधे बसलेल्या बाईच्या मांडीवर ठेवून. अक्का आधी कोंबडीला हात लावत नसत, आधी प्रश्न विचारत. खुराडं कसं, पाणी रोज बदलता का, खरकटं कोणतं टाकता. नवीन बंगले बांधलेल्या लोकांना तर एकच प्रश्न असे: तिला खडे मिळतात का? "सगळं अंगण फरशीचं करून ठेवलं. कोंबडी पोटातल्या खड्यांवर दाणा दळती. देवानं जातं दिलं तिला अन् तुम्ही दगड काढून घेतले," असं त्या सरळ तोंडावर सांगत. ऐकणाऱ्याला राग येत नसे, कारण सांगता सांगता त्यांनी मूठभर बारीक वाळू कागदात बांधायला घेतलेली असे.

आणि मग त्यांच्या हातून ती चूक झाली.

गयाबाईंच्या घरी लग्न झालं होतं. उरलेला भात आणि बुंदी दोन दिवस कोंबड्यांना टाकली गेली. त्यातली एक कबरी कोंबडी झिंगल्यासारखी चालायला लागली. थैली पाण्याच्या फुग्यासारखी, चोचीला वास. अशा वेळी कोंबडीला पायाकडून वर उचलायचं, डोकं खाली करायचं आणि थैली दाबून आतलं नासलेलं पाणी ओकवायचं, अशी जुनी पद्धत होती. अक्कांनी ते आधी अनेकदा केलेलं. त्या दिवशीही केलं. पाणी आलं, पण कोंबडीने दोनदा श्वास ओढला, तंगड्या ताणल्या आणि ती अक्कांच्या हातातच गेली.

आम्ही तिघीच होतो. गयाबाई समजुतीने म्हणाल्या, "जाऊ दे अक्का, म्हातारीच झाल्ती ती."

अक्कांनी कोंबडी खाली ठेवली. "म्हातारी झाल्ती म्हणून न्हाई गेली, गया. माझ्या हातानं गेली. आत्ता जित्ती होती."

त्या दिवशी त्या जेवल्या, रोजची कामं केली. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचं लुगडं नेसून एकट्याच तीर्थपुरीला गेल्या, जनावरांच्या दवाखान्यात. तिथे नुकत्याच एक तरुण डॉक्टर बाई आल्या होत्या. म्हशी-बैलांच्या रांगेत अक्का रिकाम्या हाताने उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर डॉक्टर बाईंनी विचारलं, "जनावर कुठंय?" अक्का म्हणाल्या, "जनावर मेलं. का मेलं ते विचारायला आल्ते."

डॉक्टर बाईंनी कागदावर कोंबडीची मान काढून दाखवली. अन्नाची वाट आणि श्वासाची वाट कशा शेजारी असतात, उलटं धरल्यावर ते पाणी श्वासाच्या वाटेत कसं जातं. आधीच्या कोंबड्या वाचल्या तो नशिबाचा भाग होता. हे बुरशीचं दुखणं असतं, त्याला औषध आहे, तोवर दाणा बंद ठेवायचा आणि स्वच्छ पाणी द्यायचं.

अक्का तो कागद घेऊन परत आल्या. पुढचे आठ दिवस त्यांनी जे केलं ते मी दुसऱ्या कुणाला करताना पाहिलेलं नाही. आजवर त्यांनी ज्यांना ज्यांना ती पद्धत शिकवली होती त्यांच्या घरी जाऊन त्या उभ्या राहिल्या. आमच्या गावात, शेजारच्या दोन गावांत, एकदा तर बाजाराच्या दिवशी भाजीवालीच्या पालाखाली. वाक्य एकच. "मी तुला कोंबडी उलटी धरायला शिकवलं ना, ते चूक हाय. बिलकुल धरू नको. गयाची कोंबडी माझ्या हातानं मेली." मी एकदा म्हटलं, अक्का, एवढं सांगायची काय गरज आहे, लोक नावं ठेवतील. त्या म्हणाल्या, "ठेवू दे. नाव माझं जाईल, कोंबडी त्यांची जाईल. मोठं काय?" गयाबाईंना त्यांनी आपली सगळ्यात चांगली अंड्यावरची कोंबडी नेऊन दिली आणि परत घेतली नाही.

लोकांनी नावं ठेवली नाहीत. उलट जास्त लोक यायला लागले. फरक एवढाच झाला की अक्का आता काहींना अर्ध्यातून परत पाठवत. हात लावायच्या आणि म्हणायच्या, "हे माझं काम न्हाई. डॉक्टरबाईकडं जा, आजच जा."

अशीच आमची एक तलंग, पहिल्या अंड्यावर आलेली, नायलॉनच्या सुतळ्या खाऊन बसली. पाच दिवस तेल-पाणी केलं, गोळा हलला नाही. अक्का तिला घेऊन दवाखान्यात गेल्या, मी सोबत होते. डॉक्टर बाईंनी चाचपून पाहिलं आणि थैली कापून रिकामी करावी लागेल असं सांगितलं. आतल्या खोलीत त्या दोघीच गेल्या. अक्का कोंबडी धरणार होत्या. मी बाहेरच्या बाकावर बसले. बऱ्याच वेळाने दार उघडलं तेव्हा ट्रेमध्ये हिरव्या नायलॉनच्या धाग्यांचा एक गुंता होता, उलगडला असता तर हातभर लांब. तलंगेच्या छातीवर टाके होते आणि ती डोळे मिटून, पण जिवंत होती.

ती तलंग पुढे चार वर्षं जगली. अक्का ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत आणि प्रत्येक वेळी एक वाक्य असेच: "मॅडमचा हात दगडासारखा. केसभर हलला न्हाई."

डॉक्टर बाईंची बदली झाली तेव्हा त्या आमच्या घरी निरोप घ्यायला आल्या. अक्का आत पोहे करत होत्या. डॉक्टर बाई हळूच मला म्हणाल्या, "त्या दिवशी मी पहिल्यांदाच कोंबडीची थैली कापली. हात इतका थरथरत होता की मी ब्लेड खाली ठेवलं आणि जमणार नाही म्हटलं. अक्का म्हणाल्या, मॅडम, मी धरलंय ते सुटणार न्हाई, तुम्ही सावकाश करा, कुणी बघून न्हाई राह्यलं. तुम्हाला सांगितलंच असेल त्यांनी."

मी नाही म्हटलं. स्वतःची चूक गावोगाव सांगत फिरणाऱ्या त्या बाईने हे घरातल्या माणसालाही सांगितलं नव्हतं.

पुढे माझ्या यांचीही बदली झाली आणि आम्ही बदनापूरला आलो. येताना अक्कांनी दोन कोंबड्या दिल्या, त्यांच्या आता सात झाल्या आहेत. गेल्या वर्षी त्यातली एक सकाळी भरल्या थैलीने बाहेर आली. मी अक्कांना व्हिडिओ कॉल लावला आणि कोंबडी कॅमेऱ्यासमोर धरली. अक्कांची तब्येत तेव्हा उतरायला लागली होती, आवाज मात्र तसाच.

"मला काय दाखवतीस? फोनमधून हात लागत न्हाई. तुझ्या हाताला काय लागून राह्यलं ते सांग."

"घट्ट आहे, पण चोळलं की थोडं सरकतं. वास नाही."

"मंग?"

"मग दाणा बंद, कोमट तेल-पाणी आणि चोळायचं. दोन दिवसांत उतरलं नाही तर दवाखाना."

"तू मला विचारून राह्यलीस का सांगून राह्यलीस?"

मी कोंबडी मांडीवर घेतली. मग म्हटलं, "विचारत होते."

"न्हाई. सांगून राह्यलीस. ठेव फोन, पाणी तापायला लाव," म्हणून त्यांनीच कॉल बंद केला.

तिसऱ्या सकाळी कोंबडीची थैली रिकामी झाली. मला वाटलं, अक्का विचारतील, मग मी सांगेन. त्यानंतर त्यांचे दोन-तीनदा फोन आले. मोसंबीच्या बागेबद्दल बोलल्या, लेकीच्या घराबद्दल बोलल्या, कोंबडीचं नाव नाही. मला थोडं लागलंच.

दिवाळीनंतर मी त्यांना भेटायला गेले, ती आमची शेवटची भेट. पुढच्या खोलीत कॉटवर होत्या, उशीला टेकून. गयाबाई पायाशी बसल्या होत्या. बोलता बोलता मी विचारलंच, "अक्का, तुम्ही माझ्या त्या कोंबडीचं पुढं काय झालं ते कधी विचारलंच नाही."

"बरी झाली ना?"

"झाली."

"मंग. इचारलं असतं तर तुला वाटलं असतं, अक्काला शंका हाय."