वाकड्या बोटाची भाकरी

"माज्या हातची भाकरी गिऱ्हाइकाला चालत न्हाय, आन् तुज्या घरात चालती व्हय गं?"

"मावशी, हळू बोल की. बाया ऐकतेत."

"ऐकू दे. त्यास्नी ठावं हायच. ठावं नव्हतं ते मला एकटीला."

चांगुणामावशीने हातातला डबा महानंदाच्या पुढ्यात आदळला. पाणी प्यायला म्हणून ती आत महानंदाच्या स्वयंपाकघरात गेली होती, तिथे हा डबा दिसला. आत सगळ्या तिच्याच भाकऱ्या. घसरून पडल्यापासून तिचं मधलं बोट वाकडं झालं होतं आणि थापलेल्या प्रत्येक भाकरीवर त्याचा खळगा उमटायचा.

सात रस्ता चौकाच्या मागच्या बोळात महानंदाचं कडक भाकरीचं केंद्र. नवरा गेल्यावर एका तव्यावर सुरू केलं, तेव्हा थापायला शेजारची चांगुणाच धावून आली होती. आता चुलींची रांग आहे, खोकी पुण्याला जातात. कडक भाकरी पातळ हवी. जाड राहिली की नीट वाळत नाही, वातड होते. मावशीचं बोट वाकलं, तिची भाकरी जाड राहू लागली आणि गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या. महानंदाने तिला चुलीपासून उठवलं नाही. तिच्या भाकऱ्या गुपचूप बाजूला काढून घरी खायला सुरुवात केली. मुलगा दिग्विजय आमटीत भाकरी चुरता चुरता म्हणायचा, "आई, आपण धंदा करतोय का दात झिजवून घेतोय?" ती हसून विषय टाळायची. आपण चांगलं करतोय, एवढं तिला नक्की ठाऊक होतं. आता तेही नक्की राहिलं नव्हतं.

"तुला वाईट वाटू नये म्हणून केलं, मावशी."

"तोंडावर सांगितलं असतंस तर चटणी कुटली असती, पीठ चाळलं असतं. सुनेला रोज ऐकवती मी, माजी भाकरी पुण्याला जाती म्हणून. जाती कुटं? भिंतीपल्याड."

"मग उद्यापासनं चटणीला बस की."

"आता? आता त्यो बी उपकारच."

महानंदाच्या मनात आलं, सांगितलं असतं तर ही रडली असती, नाही सांगितलं तर ही भडकली. मग करायचं होतं तरी काय?

मावशी फतकल मारून चुलीपुढे बसली. गोळा घेतला, थापला, तव्यावर टाकला, आरावर शेकला. जाड काठ, मध्ये खळगा. गरम भाकरी तिने महानंदाच्या हातात दिली.

"ठेव."

एका बाजूला विक्रीची टोपली, दुसरीकडे घरचा डबा. महानंदाने भाकरी टोपलीत ठेवली. "गिऱ्हाइकाला चालंल व्हय?" मावशीच्या कपाळाला आठी पडली. महानंदाने ती पुन्हा उचलली, डब्याकडे नेली, तिथेही हात अडला. बोटांना चटके बसत होते. रांगेतल्या बायांचं थापणं थांबलं होतं.

"तूच सांग की, कुटं ठेवू? आन् उद्या येणार का न्हाय तू?"

मावशीने पिठाचे हात पदराला पुसले, उंबऱ्याजवळच्या चपला पायात सरकवल्या आणि ती बोळातून चालू लागली. भाकरी महानंदाच्या हातातच राहिली.