मस्कतहून आलेला मेल

माणसाला हातात दोन सुया घालून चार तास एका बेडवर आडवं केलं, की तो काय करणार? बोलणार! आठवड्यातून तीनदा, वर्षानुवर्षं. बोरीवलीच्या आमच्या डायलिसिस सेंटरमध्ये दहा मशीन आहेत आणि मी तिथली इनचार्ज. ज्यांची किडनी बंद पडलीय त्यांचं रक्त मशीनमधून गाळून परत अंगात सोडायचं, हे आमचं काम. पण अर्धं काम ऐकायचंच. संध्याकाळी नवरा विचारतो, "आज कुणाचं काय?" की मी सुरू होते. गेल्या महिन्यात मात्र मी गप्प होते. सगळे किस्से आमच्या सिनियर टेक्निशियन प्राजक्ताचे होते, आणि त्यातल्या एकात मीच वाईट वागले होते.

*

आधी हाताचं सांगते. डायलिसिसच्या पेशंटला डॉक्टर कुठलाही चालतो, पण सुई लावणारा हात ठरलेला लागतो. ऑपरेशन करून हातावर एक जाड शीर तयार केलेली असते, तिला फिस्टुला म्हणतात. सुया तिच्यातच जातात. गावडेकाकांची ही शीर खोल आणि वाकडी. पाच वर्षं ती फक्त प्राजक्ताला सापडते. डोळे मिटून बोटानं चाचपते, एकदाच टोचते, झालं!

एकदा ती भावाच्या साखरपुड्याला गेली. मी हातमोजे घालून काकांच्या बेडपाशी गेले. माझा बावीस वर्षांचा अनुभव हो! काकांनी माझ्याकडे बघितलं, सुईकडे बघितलं आणि हात पोटाशी घेतला.

"मॅडम, तुम्ही इनचार्ज ना? मग इनचार्जचा काम करा!"

शेवटी मीच लावली. दुसऱ्यांदा लागली. काका आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

काका म्हणजे रिटायर्ड फिटर, मूळचे मालवणकडचे. यांना दिवसाला मोजकंच पाणी प्यायची परवानगी. जास्त प्यायलं की अंगात साचतं आणि वजनकाटा चुगली करतो. एका सोमवारी काट्यावर तीन किलो जास्त!

प्राजक्ता कमरेवर हात ठेवून उभी. "काय प्यायलात?"

"काय नाय गो. गोळीबरोबर घोटभर पाणी."

"किती गोळ्या घेतल्या? बादलीभर?"

अख्खा वॉर्ड हसला. काका पण हसले. दुसऱ्या कुणी असं बोललं असतं तर तक्रार माझ्या टेबलावर आली असती.

*

तर अशा या प्राजक्ताला मस्कतच्या एका मोठ्या हॉस्पिटलचा मेल आला. नोकरी पक्की, राहायची सोय, पंधरा दिवसांत हो की नाही कळवा. इकडे सरकारी हॉस्पिटलच्या कायम नोकरीसाठी तिची मुलाखत दीड वर्षापूर्वी झालेली. वेटिंग लिस्टवर नाव, नंबर दोन. वर सरकेल तेव्हा सरकेल. आमच्याकडे तर दर वर्षी नवीन करार.

बातमी मी फुटू दिली नव्हती. पण दहा बेडमध्ये काय लपतंय! दोन तासांत मतदान सुरू. दुसऱ्या बेडवरचे शहाभाई म्हणाले, "बेन, बिनधास्त जा. तिकडे आपले लोक खूप आहेत."

"आपले म्हणजे?"

"गुजराती!"

सहा जण जा म्हणाले, दोघं थांब म्हणाले, एक जण झोपलेले. गावडेकाकांनी छताकडे बघत मत राखून ठेवलं.

*

थांब म्हणणाऱ्यांत एक फिलोमिना आंटी. गोराईची. खाडी बोटीनं ओलांडून येते, येताना पिशवीत कधी मुळा, कधी वांगी. तिचा मुलगा दोन वर्षांसाठी म्हणून दोह्याला गेला, त्याला आता अकरा वर्षं झाली. तो डायलिसिसच्या वेळी व्हिडिओ कॉल करतो. आंटी मोकळ्या हातानं फोन धरून त्याला मशीन दाखवते, आम्हाला दाखवते. गुणी मुलगा आहे, एक दिवस चुकवत नाही.

त्या दिवशी तो म्हणाला, "मम्मी, या नाताळला नक्की येतो."

फोन बंद झाल्यावर प्राजक्ता म्हणाली, "आंटी, मस्त! तारीख कधीची?"

आंटीनं फोन उशाखाली सरकवला. "तारीख मी विचारत नाय गं. विचारली की त्याला खोटा बोलायला लागतं."



*

आता माझं. दहाव्या दिवशी ती माझ्या टेबलासमोर बसली. "ताई, तुम्हीच सांगा. आई भावाकडे राहील, ते जमलंय. पण काकांच्या हाताचं काय?"

काकांचा बेड माझ्या टेबलापासून चार पावलांवर. काका डोळे मिटून पडले होते.

मला तिशीत दुबईहून असंच पत्र आलं होतं. तेव्हा मीही कायम नोकरीच्या लिस्टवर होते. थांबले. ती लिस्टच रद्द झाली. हे मी तिला सांगायला हवं होतं की नाही? मी काय म्हणाले माहितीये?

"थांब. नंबर दोन म्हणजे झाल्यातच जमा."

खरं सांगते, ती गेली तर माझ्या सेंटरची वाट लागणार होती. आणि तिच्याशिवाय मला करमणार नव्हतं. ती "बरं ताई" म्हणून उठली, आणि मला माझीच लाज वाटली. तरी शब्द मागे घेतला नाही मी.

*

दोन दिवसांनी काकांना सुया लावताना ती सहज म्हणाली, "काका, नाही जात मी. नंबर दोन आहे माझा."

काका म्हणाले, "माझोपण होतो."

काका पण एका लिस्टवर आहेत, किडनीच्या. कुणी मरणोत्तर किडनी दिली, की एकीसाठी दोघांना बोलावतात. पहिल्याच्या तपासणीत काही निघालं तर दुसऱ्याला मिळते. काकांना तीनदा बोलावणं आलं, तिन्ही वेळा दुसरे म्हणून. फोन कधी येईल सांगता येत नाही, म्हणून सहा वर्षं गणपतीलाही गावी गेले नाहीत.

"तिसऱ्या खेपेक सकाळपासून उपाशी बसलो. बायको देवाक हात जोडून. दुपारी डॉक्टर इले, म्हणाले, पहिलो फिट आसा, तुम्ही घरी जावा."

"मग?"

"मग काय? वाईट वाटला. मग मनात म्हटला, बरा झाला, त्या बिचाऱ्याचा तरी काम झाला. घरी जाऊन चाय मागितली. बायकोन अर्धोच कप दिलो."

"अर्धाच का?"

"दुसऱ्या दिवशी डायलिसिस होता ना गो!"

कुणीच हसलं नाही. काका एवढंच म्हणाले, "तुझा तू बघ."

*

चौदाव्या दिवशी, म्हणजे मस्कतला कळवायच्या आदल्या दिवशी, काका बेडवर बसले आणि बाही वर केली. प्राजक्ता ट्रे घेऊन आली. काकांनी हात मागे घेतला.

"तू नको. ती नवीन पोरगी बोलव."

नवीन पोरगी म्हणजे शीतल. डिप्लोमा करून महिन्याभरापूर्वी लागलेली. सोप्या शिरेवरही तिला घाम फुटायचा. ती माझ्याकडे बघायला लागली. मी प्राजक्ताकडे. काका म्हणाले, "माझ्याकडे बघ गो. हात माझो आसा."

पहिली सुई चुकली. दुसरीही चुकली, हात टम्म सुजला, निळा पडला. दोनदा चुकलं की सिनियरनं हातात घ्यायचं, हा आमचा नियम. मीच केलेला. प्राजक्ता पुढे झाली.

"थांब थय!" काका ओरडले. इतक्या वर्षांत त्यांचा एवढा आवाज मी ऐकला नव्हता. नियमाप्रमाणे मी मध्ये पडायला हवं होतं. मी पडले नाही.

काका शीतलला हळू आवाजात सांगायला लागले. "घाई नको. आधी बोट ठेव. खाली थरथरता ना? थयसून थोडा डावीकडे. मी पोरांक पाईप जोडूक शिकवलंय, सगळे आधी दोन-तीन फोडतत."

त्यांच्या कपाळावर घाम, दुसऱ्या हाताची मूठ चादरीत. तिसऱ्यांदा सुई टोचली. नळीत लाल रक्त चढलं. शीतल रडायला लागली.

"रडतस कित्याक? लागली ना? सोमवारी पण तूच."

मग काकांनी मान वळवली. प्राजक्ता ट्रे घट्ट धरून तिथंच उभी होती.

"तू अजून हयच गो?"