कुवेतचं पाणी

१९९०च्या ऑगस्टमध्ये इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसलं, तेव्हा माझा थोरला भाऊ तिथे फिटर होता. त्याची काहीच खबर नव्हती. मी रोह्याच्या शाळेत शिकवत होते. रजा काढून धरमतरजवळच्या आमच्या घरी गेले, तर आई रेडिओपाशी बसलेली.

"त्यो देश कसला हाय गो? राजा कोन तिथला?" तिने विचारलं.

तेल निघतं यापलीकडे मला काही सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पेणच्या वाचनालयात जाऊन विश्वकोशातली कुवेतची माहिती वाचून आले. आईला समोर बसवून सांगितलं, की तिथे अमीराचं राज्य आहे, पण तो आता पळून गेलाय. तेल सापडायच्या आधी तिथले लोक गलबतं बांधायचे, समुद्रात बुड्या मारून मोती काढायचे. देशात एकही नदी नाही. समुद्राचं पाणी यंत्राने गोडं करून पितात.

आईचा जन्म मिठागरात गेलेला. राजाचं, तेलाचं तिने ऐकून घेतलं, पण पाण्याच्या गोष्टीवर मला थांबवलं.

"आनि ती मशीन बंद पडली तर?"

उगाच वाचून आले असं वाटलं. त्या दिवसापासून आईचं जेवणावरचं लक्षच उडालं.

काही आठवड्यांनी भाऊ वाळवंट ओलांडून जॉर्डनला पोचला आणि सरकारी विमानाने परत आला. दाढी वाढलेला, खंगलेला. आई त्याचा दंड धरून उभी राहिली, बराच वेळ सोडेना.

युद्ध संपल्यावर तिकडून पुन्हा बोलावणं आलं. आईने नको म्हटलं नाही. तोच गेला नाही. रोह्याला एका कंपनीत शिफ्टवर लागला.