दोनदा टाकलेलं खत

पायाला भिंगरी लावल्यासारखा फिरायचा म्हणून सगळे त्याला भिंगरीच म्हणायचे. उभा जन्म दारोदार विजेचे मीटर वाचण्यात गेला. निवृत्त झाला, तरी पाय काही घरात टिकेनात. जेवतानासुद्धा हा बाबा उठणार, गॅस बंद आहे का बघणार आणि बघितलेलं पुन्हा बघणार. वाचलेला आकडा दुसऱ्यांदा वाचायचा, ही नोकरीतली खोड.

थंडी सरता सरता बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. दवाखान्यात निघताना ती लॉनकडे बघून म्हणाली, "परत आले की इथं अनवाणी चालणार बघा."

झालं, गड्याला निमित्तच मिळालं! खाटेशेजारच्या खुर्चीत तो जेमतेम टेकायचा आणि "लॉनचं बघून येतो" म्हणत सटकायचा. ऑपरेशनच्या दिवशीही तिला आत नेल्यावर त्याचा जीव थाऱ्यावर राहिना. घरी येऊन त्याने मरगळलेल्या गवतावर खत टाकलं. लांबीच्या बाजूने टाकून झालं, तरी खात्री असावी म्हणून रुंदीच्या बाजूनेही टाकलं. पाणी द्यायचं मात्र राहिलं, कारण तेवढ्यात कुंपणाची फळी हलताना दिसली.

दोन-चार दिवसांत लॉनवर करपलेले चौकोनी डाग उठले. तो तडक कोपऱ्यावरच्या नर्सरीवालीकडे गेला.

"काका, अति तिथं माती," ती हसली. "आता खरंच मातीच घाला. आधी भरपूर पाणी सोडा, खत धुऊन खाली जाऊ दे. मग मेलेलं गवत खरवडून काढा, माती पसरा, बी टाका."

"आणि मग?"

"मग गप्प बसा. पाय ठेवायचा नाही."

पाणी, खरवडणं, माती, बी सगळं जमलं. गप्प बसणं तेवढं जमेना. अंकुर फुटला का, म्हणून तो रोज बी उकरून बघायचा, आणि उकरलेलं बी कशाला उगवतंय!

लेक आईला घेऊन आली तेव्हा लॉनवर मातीचे पट्टे तसेच होते. तो ओशाळून उभा राहिला. "तुला चालायचं होतं, आणि मी सगळं जाळून ठेवलं," म्हणाला.

बायको काठी टेकत व्हरांड्यातल्या खुर्चीत बसली. शेजारच्या खुर्चीवर थाप मारून म्हणाली, "बसा आधी."

तो बसला. लगेच पाय हलायला लागला.

"गॅस..."

"लेक बघेल." तिने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. मातीकडे बघत म्हणाली, "शुद्धीवर आले ना, तेव्हा आधी खाटेशेजारच्या खुर्चीकडे बघितलं मी. रिकामी होती."

ती कोणती वेळ, हे त्याला बरोबर आठवलं. लांबीचं खत टाकून झालं होतं, आणि तो रुंदीकडून सुरुवात करत होता.

आत स्वयंपाकघरात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. भिंगरी उठला नाही.