वजनात न धरलेला नारळ

आमच्याकडे कुणी 'बघूया' म्हणाला की समजायचं, काम होणार नाही. लग्नाला येणार ना? बघूया. कुंपणाचं एकदा मिटवून टाकायचं का? बघूया. तोंडावर नाही म्हणायचा आम्हाला जन्मजात संकोच, म्हणून हा शब्द. फोरमनकाका मात्र 'बघूया' म्हणाले की खरोखरच बघायला निघत. खिशातून चष्मा काढायचे, शर्टाच्या टोकाने पुसायचे आणि जी काय वस्तू असेल तिच्यासमोर उकिडवे बसायचे. सुरुवातीला लोकांची फार फसगत झाली. शेजारच्या बागवाल्याने पंप बिघडल्याचं सहज बोलता बोलता सांगितलं, काका 'बघूया' म्हणाले, आणि म्हाताऱ्याने टाळलं असं समजून तो घरी गेला. संध्याकाळी पाहतो तर त्याचा पंप सुटा होऊन काकांच्या अंगणात गोणपाटावर मांडलेला होता.

काका पोफळीच्या वीजघरात उभी हयात घालवून फोरमन म्हणून निवृत्त झाले आणि पावस गावाच्या वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, वडिलांच्या घरी राहायला आले. माझं शिवणकामाचं दुकान त्यांच्या घराच्या उताराला. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, असा माझा धंदा. एका दुपारी ते पांढऱ्या कापडाचा भलामोठा तागा खांद्यावर घेऊन दुकानात आले.

"काय गो बाय, हे शिवशील काय?"

"कुणासाठी?"

"विमानासाठी."

मी म्हटलं, "बघूया." अर्थात आपल्या सगळ्यांच्या अर्थाने. काका त्यांच्या अर्थाने समजले, बाकावर बसले आणि मी कधी बघायला सुरुवात करते याची वाट बघू लागले. शेवटी माझाच नाइलाज झाला. त्यांच्यामागून त्यांच्या पडवीत गेले, तर तिथे अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचा सांगाडा उभा होता. त्याला दोन पंख होते, शेपटी होती आणि बसायला एकच खुर्ची. पावसाळ्यातल्या होडीसारखा माडाच्या झापांनी झाकलेला. विमानाचे नकाशे विकत आणून, एकेक नळी कापून, सात वर्षं ते हा उद्योग करत होते आणि आम्हाला वाटत होतं की म्हातारा मांडव उभारतोय.

आता कापडाचं विमान म्हटल्यावर मला हसूच आलं. पण ते काम हातात घेतलं आणि माझी शिलाईची घमेंड उतरली. ते कापड पंखावर चिकटवायचं, मग लांब सुईने आरपार, ठरावीक अंतरावर, ठरावीक गाठ मारून शिवायचं आणि शेवटी चक्क इस्त्री फिरवायची. इस्त्रीने ते आकसतं आणि ढोलकीसारखं ताणलं जातं. काकांनी माझी इस्त्री उलटी करून तिच्या तळाला थर्मामीटर लावला. "ह्यावर नुसतं 'कॉटन' लिहिलंय. कॉटन म्हणजे किती?" इतकी वर्षं मी त्या इस्त्रीवर पोट भरत होते, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्यानंतर मला प्रश्न पडायला लागले. पंख वरून फुगीर आणि खालून सपाट का? शेपटीला चाक एवढंसं का? मी विचारायची आणि ते एकदाही 'तुला काय करायचंय' म्हणाले नाहीत. ब्लाउज वेळेवर मिळत नाहीत अशी माझी ख्याती त्या वर्षी झाली.

काकांचं एक वाक्य होतं, आणि त्याने त्यांनी आख्ख्या वाडीला भंडावलं होतं: "वाटलं की बघितलं?" कुणी म्हणावं, बिबट्या येऊन गेला वाटतं. "वाटलं की बघितलं?" कुणी म्हणावं, अमक्याची सून माहेरी निघून गेली. "वाटलं की बघितलं?" त्यांच्यासमोर गप्पा मारणंच मुश्कील. न बघितलेली गोष्ट ते स्वतःही बोलत नसत. पाऊस पडेल का असं विचारलं तरी आकाशाकडे बघून म्हणायचे, "आत्ता ढग आहेत." काकू मात्र त्यांना पुरून उरणाऱ्या. काका जेवताना म्हणाले, "आमटीत मीठ कमी वाटतंय," की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "वाटतंय की बघितलंत?"

विमानाला काकूंनी विरोध केला नाही, अट घातली. एकही प्रश्न शिल्लक असला तर उडायचं नाही. काकांनी ती अट चाचणीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिली आणि खाली काकूंची सही घेतली. त्या वहीत मग सगळं जायचं. पुण्याकडे जाऊन ते छोटी विमानं उडवायला शिकून आले होते, परवान्यापुरती तब्येतही पास झाली होती. दिल्लीहून परवानगीचा कागद आला, त्यात चाचणीची मुदत होती मेअखेरपर्यंत. काका अडुसष्ट वर्षांचे होते. एका डोळ्यात मोतीबिंदू धरत होता आणि छातीचे ठोके अधूनमधून चुकत होते, हे त्यांच्याखेरीज फक्त काकूंना आणि मला ठाऊक होतं. पुढच्या वर्षी तब्येतीचा कागद मिळेलच असं नव्हतं. उडायचं तर याच उन्हाळ्यात, नाहीतर मग कधीच नाही.

बागवाल्याच्या सपाट कातळावर चुन्याच्या रेघा मारून धावपट्टी झाली. चाचण्या सकाळी, कारण दहा वाजले की समुद्रावरून वारा सुटतो. पहिले दोन दिवस काका विमान नुसतं चालवत होते, रिक्षासारखं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग जरा जोरात. मग शेपटी उचलेपर्यंत. पंखांवर त्यांनी माझ्याकडची लोकरीचे तुकडे चिकटवले होते, वीतभर अंतराने. वारा पंखाला धरून वाहतोय की नाही ते त्या लोकरीवरून कळतं. मी कडेला उभी राहून लाल लोकर कुठे शहाण्यासारखी पडते आणि कुठे वेड्यासारखी नाचते ते सांगायची. मी 'वाटतं' म्हटलं की ते पुन्हा एक फेरी मारायचे.

आणि रोज वजन. कॅनिंगच्या आंब्यासाठी बागवाल्याने आणलेले तीन काटे काका पहाटेच मागून आणत आणि विमानाच्या तिन्ही चाकांखाली ठेवत. आकडे वहीत लिहीत. काल जे होतं तेच आज असणार ना, असं बागवाला कुरकुरायचा, कारण त्याला आंबे तोलायचे असत. काका म्हणायचे, "असणार म्हणजे? बघूया."

उड्डाणाचा दिवस ठरला तेव्हा काकू शांत होत्या. धीर सुटला तो माझा. त्या विमानाला कापड नेसवलं ते मी, त्यातली प्रत्येक गाठ माझी. एक जरी सुटली तर? आदल्या दिवशी मी ग्रामदेवतेच्या देवळात गेले. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, फोरमनला जसा वर नेशील तसाच सुखरूप खाली आण बा महाराजा, आणि देवापुढचा नारळ माझ्या ओटीत घातला. "हा त्यांच्याबरोबर ठेव," म्हणाला. आता हे काकांना सांगावं तर ते विचारणार, देव खाली आणतो हे वाटलं की बघितलं? मी लाल खणाची पिशवी शिवली, नारळ तिच्यात घातला. शेपटीजवळ आतले भाग तपासायला मी स्वतःच चेन लावून दिली होती. संध्याकाळी पडवीत कुणी नव्हतं. चेन उघडली, पिशवी आत एका नळीला बांधली, चेन लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाचला निघून मला रत्नागिरीला एका नवरीचा ब्लाउज पोचवायचा होता, म्हणून उड्डाण बघायला मी नव्हते. माझ्या जागी माझा नारळ तिथे होता, एवढं समाधान मी केलं.

अकराला परत आले तर कातळावर विमान तसंच उभं. खुर्ची बाहेर, हत्यारं बाहेर, शेपटीची चेन उघडी. काका दगडावर बसले होते आणि त्यांच्या मांडीवर माझी लाल पिशवी होती. सकाळी शेपटीच्या काट्याने साडेसहाशे ग्रॅम जास्त दाखवले होते. काकांनी काटा बदलून बघितला, तरी साडेसहाशे. मग त्यांनी विमान नेहमीच्या क्रमाने पुढून मागे उलगडायला घेतलं होतं आणि शेपटीपर्यंत पोचायला दहा वाजले होते. बाकी वाडी हसत होती. साडेसहाशे ग्रॅम म्हणजे काय, अर्धा किलो मासळी इकडे की तिकडे!

"ही शिलाई तुझी," काका म्हणाले.

मी मान खाली घातली. लोक पांगल्यावर त्यांनी मला शेपटीत डोकं घालायला लावलं. मी जिथे पिशवी बांधली होती तिथून हातभर अंतरावर दोन तारा जात होत्या. नाक वर-खाली करायचं ते ह्या तारांनी. विमान हिंदकळलं असतं, गाठ सुटली असती, तर नारळ त्या तारांवर जाऊन बसला असता. आणि वजन थोडं असलं तरी इतकं मागे ठेवलं की शेपूट जड होते. हे ते रागावून सांगत नव्हते. गुणाकार समजावावा तसं सांगत होते.

"मला विचारलं असतंस तर मी नाय म्हटलं नसतं गो. वजनात धरला असता."

मला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. देवाला त्यांचा विरोध नव्हताच. न लिहिलेल्या वजनाला होता.

विमान उघडलं की सगळ्या चाचण्या पहिल्यापासून, हा त्यांचाच नियम. त्याला पाच दिवस लागले. सहाव्या दिवशी वारा फिरला, सातव्या दिवशी वळवाची सर आली, कातळ बुळबुळीत झाला आणि तसाच राहिला. मे संपला. पुढच्या वर्षी परवानगी पुन्हा मिळाली, तब्येतीचा कागद मिळाला नाही. डॉक्टरांनी कागदावर बोट ठेवलं आणि काका म्हणे एवढंच म्हणाले, "बघितलंत ना तुम्ही? मग ठीक."

मी त्यांच्या घरावरून जायचं टाळू लागले. त्यांच्या वाटचं उड्डाण मी खाल्लं होतं. एका माणसाचं विमान ते, मागे बसायचीसुद्धा सोय नाही. एके दिवशी काका दुकानात आले, बाकावर बसले, चष्मा पुसला.

"तुला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी नारळ शोधताना शेपटीत एका बोल्टची पिन नव्हती. मीच घालायची विसरलो असणार. वर गेलो असतो तर बोल्ट निसटला असता. तुझ्या नारळाने शेपटी उघडायला लावली."

"खरंच?"

"मी बघितलं ना गो."

काकांनी बघितलं म्हटल्यावर विषय संपला. मी दुकानातच रडले, तेही त्यांच्यासमोर. त्या दिवसापासून मी पुन्हा सड्यावर जाऊ लागले.

विमान उडालं ते त्या दुसऱ्या वर्षीच्याच उन्हाळ्यात. छोट्या विमानांच्या चाचण्या घेणाऱ्या एक वैमानिक बाई नाशिकहून आल्या. चार दिवस त्या काकांना प्रश्न विचारत होत्या आणि काका त्यांना, दोघांची जोडी अगदी जमली. वजनाच्या यादीत काकांनी लिहिलं: वैमानिक, पेट्रोल, नारळ. नवा नारळ मीच आणला, जुनीच पिशवी. ती खुर्चीखाली पट्ट्याने आवळून बांधली. बाईंनी यादी वाचली, एकदा काकांकडे बघितलं आणि सही केली.

सकाळी सातला ते कातळावरून उठलं. खाली सावली राहिली आणि विमान वर गेलं, एवढं मला स्पष्ट आठवतं. पावसच्या माडांवरून ते समुद्राकडे वळलं तेव्हा माझे टाके उन्हात रेघेसारखे दिसले. मला ओरडावंसं वाटलं आणि मी ओरडलेही. काका वही धरून उभे होते. वर बघायचे, लिहायचे, वर बघायचे. काकूंनी त्यांचा दुसरा हात धरला होता. बाई उतरल्यावर म्हणाल्या, "काका, हात सोडले तरी सरळ जातं वाटतं." आणि काकांनी तोंड उघडायच्या आत हसून म्हणाल्या, "बघितलं, बघितलं. दोनदा."

गेल्या वर्षी काका गेले. छातीचे ठोके चुकत होते, ते एका दुपारी थांबले. दिवस झाल्यावर काकूंनी मला बोलावून ती चाचणीची वही हातात दिली. "ह्यात तुझी शिलाई फार आहे. तूच ठेव."

मी घरी आणून ती पहिल्यापासून वाचली. लाल लोकर, वारा, तीन काट्यांचे आकडे. मग ते पान आलं. काकांच्या गोल, सावकाश अक्षरात लिहिलं होतं:

'शेपटी उघडली. सर्व बोल्ट व सर्व पिना जागेवर. दोनदा बघितल्या. आत नारळ एक, लाल पिशवीत, साडेसहाशे ग्रॅम. शिलाई बायची. आज उड्डाण नाही.'

पुढची पानं मी उलटली, मागची उलटली. कुठेतरी त्या पिनेचा उल्लेख सापडेल म्हणून पहिल्या पानापर्यंत गेले. काकूंच्या सहीपर्यंत. पिन कुठेच हरवली नव्हती. बिबट्यालासुद्धा पुरावा मागणाऱ्या माणसाने आयुष्यात एकच न बघितलेली गोष्ट बघितली म्हणून सांगितली, आणि ती मला सांगितली. वहीत मात्र त्यांना खोटं लिहिता आलं नाही.

मी चष्मा काढला, पदराने पुसला आणि ते पान पुन्हा वाचलं. काका, हे मला वाटलेलं नाही. मी बघितलंय.