विहिरीवरची ती बाई

जुन्या सिनेमाच्या रिळाचा डबा उघडला की मी आधी तो हुंगतो. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर रीळ मरायला लागलंय असं समजायचं. "लोणच्याची बरणी हुंगावी तसं काय करता?" बायको दर वेळी म्हणते. काल वास आला नाही. मी ऐटीत प्रोजेक्टर लावला आणि भिंत उजळली.

हा सिनेमा कुणालाच आठवत नाही. तो चालला नव्हता म्हणे, आणि खरं सांगायचं तर चालण्यासारखा नव्हताच. नायक लाकडी, गाणी रडकी. पण विहिरीच्या प्रसंगात मागे घागर घेऊन एक बाई उभी आहे. कॅमेऱ्याकडे बघू नकोस, असं तिला बजावलेलं असणार. ती बघते, आणि फिस्सकन हसते.

गाजलेल्या सिनेमांना सांभाळणारे पुष्कळ असतात. हिचं तर नावसुद्धा कुठे दिलेलं नाही. या सिनेमाची दुसरी प्रत मी खूप शोधली, मिळाली नाही. म्हणजे ती हसणार तर आमच्याच भिंतीवर. पोपडे आलेली का असेना, ही भिंत मी कुठल्याही थिएटरच्या पडद्याशी बदलणार नाही.

काल विहीर दिसू लागली आणि नेमका फोन वाजला. मी उठणार, तोच बायकोने हाताला धरून मला खाली बसवलं.

"वाजू द्या तो. तिचं हसायचं राहिलंय अजून."