विमान लागलं

माझं माहेर नागपूरचं, सासर पार पश्चिमेच्या किनाऱ्यावरचं, कोळ्यांच्या दांडीचं. मध्ये अख्खा महाराष्ट्र आडवा. आईच्या हृदयाचं दुखणं निघालं तेव्हा डॉक्टरांनी बजावलं होतं, दगदग नको, उलट्या तर अजिबात नकोत. आणि आईला तर एसटी नुसती समोर दिसली तरी लागते. आयुष्यभर तिने लिंबू हुंगत, खिडकीला डोकं टेकवूनच प्रवास केला. रेल्वेचा रात्रभराचा हिसका तिला झेपणार नव्हता, आणि मला ती डोळ्यांसमोर हवी होती.

मग मोबाइलवर शोधलं. नागपूर ते सुरत, सरळ रेषेत साडेसहाशे किलोमीटर, विमानाने जेमतेम सव्वा तास. मुंबईच्या अवाढव्य विमानतळावर आई बावरली असती, म्हणून दांडीहून गाडीने गाठता येणाऱ्या सुरतेचं तिकीट काढलं. सरळ रेषेत म्हणे! सरळ रेषेत काय, प्रत्येकीचं माहेर जवळच असतं.

नवरा पहाटेच गाडी घेऊन सुरतेला गेला. मी सासूबाईंबरोबर किनाऱ्यावर बोंबील वाळत घालत होते, पण जीव सगळा त्या विमानात. तो सव्वा तास काही केल्या सरेना. हात ओले म्हणून फोन सासूबाईंच्या टोपलीपाशी ठेवला होता. तो वाजला, त्यांनी उचलला, ऐकलं आणि तिथूनच ओरडल्या, "पोरी, तुज्या आयचा इमान लागला गो!"

माझ्या पायाखालची वाळू सरकली. धावत जाऊन फोन हिसकावला. "किती लागलं? उलट्या झाल्या का? डॉक्टर आहेत का तिथे?" मी सुटलेच.

"उलट्या कसल्या?" नवरा वैतागला. "होडी लागते तसा इमान लागला. ती बघ, बाहेर येतेय. हसतेय."

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. दांडीत बोट लागली म्हणजे किनाऱ्याला लागली, माणसं सुखरूप परत आली. इतकी वर्षं हा शब्द कानावर पडत होता, पण माझ्या माणसासाठी कधी कुणी उच्चारला नव्हता. मी वाळूत फतकल मारली आणि मनसोक्त रडले. इतकं हलकं मला कितीतरी दिवसांत वाटलं नव्हतं. सासूबाईंनी कारण विचारलं नाही. वादळात सासरे समुद्रावर असताना याच वाळूवर त्यांनी याच एका शब्दाची वाट पाहिली होती.

"रड, रड," त्या म्हणाल्या. "होडी लागली का असाच रडू येतो."

दुपारी गाडी दारात आली. आई उतरली, थोडी वाळलेली, पण ताठ. हातातलं लिंबू न चिरता तसंच. सासूबाईंनी तिचा हात धरला आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ, लागली का नाय?"

"नाही हो विहीणबाई," आई घाईघाईने म्हणाली, "काहीच नाही लागलं मले!"

मी दोघींनाही हो म्हटलं.